स्मरणार्थ घडवलेले शस्त्र

एखाद्या व्यक्तीच्या वा घटनेच्या स्मरणार्थ घडवलेली वस्तू वापरावी की जपून ठेवावी, हा प्रश्न वरवर पाहता संग्राहकांच्या हौसेचा आहे. थोडे खोल शिरले की तो आपणां सर्वांचा होतो. १९६९ साली गांधीजींच्या जन्मशताब्दीनिमित्त सरकारने नाणी काढली. त्यांतले वीस पैशांचे पिवळे नाणे आमच्या पिढीतील पुष्कळांच्या हातांतून गेले आहे. लालबागच्या बाजारात ते कोथिंबिरीच्या जुडीला गेले, गिरगावात बसच्या तिकिटाला गेले, देवळाच्या पेटीत पडले तसे चर्चच्या दानपेटीतही पडले. त्याच शताब्दीचे दहा रुपयांचे चांदीचे नाणेही निघाले होते. कायद्याने तेही चलनच. पण ते बाजारात मोडावे असे फारसे कोणाला वाटले नाही. ते थेट कपाटात गेले. एकाच महात्म्याची, एकाच वर्षीची ही दोन स्मारके. एकावरचे मुखचित्र अगणित बोटांनी झिजवले, दुसऱ्यावरचे आजही लख्ख आहे. गांधीजींचे स्मरण कोणत्या नाण्याने अधिक केले असे कोणी विचारले, तर उत्तरापूर्वी आम्ही क्षणभर थांबू. फार वेळ थांबणार नाही.

हा विषय मनात घोळू लागण्यास कारण झाला आमचा अमेरिकेतील भाचा. तो तिकडे एका नेमबाजी मंडळाचा सभासद आहे आणि दर शनिवारी लक्ष्यावर गोळ्या झाडतो. कोल्ट कंपनीच्या स्मरणार्थ काढलेल्या रिव्हॉल्व्हरांची एक जोडी त्याला विकत मिळण्याजोगी आहे. सोनेरी मुलाम्याची अक्षरे, मखमली अस्तराची लाकडी पेटी, सोबत प्रमाणपत्र. ‘मामा, मला ती पेटीत ठेवायला नको आहेत. दर आठवड्याला वापरायची आहेत. लोक म्हणतात, हा वेडेपणा आहे. तुम्ही काय म्हणता?’ असे त्याने आम्हांस विचारले. रिव्हॉल्व्हरविषयी मामाला विचारावे एवढा मामाचा अधिकार मुळीच नाही. पण वेडेपणा कशाला म्हणावे याविषयी मात्र थोडे बोलता येईल.

अमेरिकेत ही प्रथा १९६१ च्या सुमारास रूढ झाली. एखाद्या गावाची सव्वाशे वर्षे, एखाद्या राज्याची शताब्दी, एखादा गाजलेला नट, असे निमित्त काढायचे, नेहमीच्याच बंदुकीवर कोरीव मजकूर चढवायचा आणि ‘मर्यादित’ संख्येत ती विकायची. ही मर्यादा बरीच ऐसपैस असे. विंचेस्टर कंपनीने १९६६ साली स्वतःच्याच शताब्दीनिमित्त काढलेल्या बंदुका एक लाखाहून अधिक होत्या. आतील यंत्र बहुधा साध्या बंदुकीचेच. नळी तीच, घोडा तोच, चापही तोच. फरक काय तो वरच्या झळाळीचा आणि पेटीचा. या वस्तूंची किंमत एका अटीवर अवलंबून असते: तिच्यातून गोळी सुटलेली नसावी. संग्राहक तर याहून कडक. रिव्हॉल्व्हरची काडतुसांची चक्री नुसती हाताने फिरवली तरी तिच्यावर एक बारीक रेघ उमटते. ती रेघ दिसली की किंमत उतरते. म्हणून चक्री फिरू नये यासाठी ती बांधून ठेवणारेही आहेत. जी वस्तू मुळात फिरण्यासाठी घडली तिचे न फिरणे हेच तिचे मोल ठरते.

ॲरिस्टॉटलने ‘राज्यशास्त्र’ या ग्रंथात जोड्याचे उदाहरण दिले आहे. जोड्याचे दोन उपयोग: पायात घालणे आणि देऊन दुसरे काही घेणे. दोन्ही उपयोग जोड्याचेच. पण जोडा पहिल्यासाठी शिवलेला असतो, दुसऱ्यासाठी नव्हे. सोळा शतकांनी संत थॉमस अक्वायनस यांनी व्याजबट्ट्याची चर्चा करताना हाच धागा उचलला. पैशाचा मुख्य उपयोग खर्चणे हा. दिखाव्यासाठी कोणास नाणी उसनी देणे हाही एक उपयोग होऊ शकतो, पण तो दुय्यम, असे ते म्हणतात. संतांनी दिखाव्याला सरसकट पाप ठरवले नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्यांनी फक्त त्याची जागा दाखवून दिली. पेटीबंद रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत दुय्यम उपयोग मुख्य होऊन बसला आहे, आणि मुख्य उपयोग केल्यास वस्तू ‘बिघडते’ असे मानले जाते. भाच्याला वेडा म्हणणाऱ्यांचा हिशेब हा असा आहे.

या बाबतीत गिरणगावाने आम्हांस वेगळे शिकवले. परळ-लालबागच्या गिरण्या चालू होत्या त्या काळी दसऱ्याच्या सुमारास, खंडेनवमीला, खात्याखात्यांत यंत्रांची पूजा होई. मागाला झेंडूची माळ चढे, कुंकू लागे. ज्या मागावर काल कापड निघाले आणि सुटीनंतर पुन्हा निघणार होते, त्याच मागाची ही पूजा. शिवाजीच्या काळातली तलवार ज्या घरात असे, तिथे तीही त्या दिवशी बाहेर निघे. पण कामगाराच्या घरी पाटावर मांडले जाई ते त्याचे हत्यार, म्हणजे पाना, कात्री, रंधा. तेल आणि घाम लागलेले. आमच्यातले जे ख्रिस्ती कामगार त्या खात्यांत होते, ते पूजेला बसत नसत. परंतु त्या दिवशी आपला साचा लख्ख पुसून ठेवण्यात ते कोणाच्या मागे नसत. हत्याराविषयीचा आदर त्याला वापरूनच येतो, हे तिथे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते.

नेमबाजीतही हेच दिसते. दादरच्या कीर्ती महाविद्यालयातून छात्रसेनेमार्फत एक मुलगी बंदुकीकडे वळली आणि वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या मैदानावर संजय चक्रवर्ती यांच्या हाताखाली घडली. अंजली वेदपाठक हे त्या मुलीचे नाव; लग्नानंतर त्या अंजली भागवत झाल्या. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये त्यांनी दहा मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. या प्रकारात लक्ष्याच्या मध्यभागी जो दहा गुणांचा ठिपका असतो त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर. तो टिपायला हात आणि बंदूक एकमेकांच्या इतकी अंगवळणी पडावी लागतात की कुठे एक संपले आणि दुसरे सुरू झाले ते कळू नये. कोल्हापूरकडचे स्वप्निल कुसळे यांनी २०२४ साली पॅरिसमध्ये कांस्यपदक मिळवले, त्यामागेही अशीच वर्षे आहेत. असल्या खेळाडूची बंदूक पुढे कधी काचेच्या कपाटात ठेवली, तर तिला स्मारक म्हणण्यास आमची हरकत नाही. तिच्यावर काही कोरलेले नसले तरी चालेल. दस्त्यावर गालाचा घासलेला डाग असतोच.

एवढ्यावर भाच्याला ‘खुशाल घे आणि वापर’ असे लिहून टाकणे सोपे होते. पण रिव्हॉल्व्हर म्हणजे वीस पैशांचे नाणे नव्हे, आणि मागही नव्हे. ती माणसावर रोखण्यासाठी जन्मलेली वस्तू आहे. मध्य मुंबईत हे विसरता येत नाही. ७ मे १९९४ रोजी गिरणीमालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीजवळ गोळ्या घालण्यात आल्या. १६ जानेवारी १९९७ रोजी डॉ. दत्ता सामंत पवईला गोळ्यांना बळी पडले. मालक आणि कामगारनेता, दोघांचाही शेवट सारखाच. त्या वर्षांत लालबागच्या पोरांच्या बोलण्यात ‘घोडा’ हा शब्द कशासाठी येई, हे आम्ही ऐकले आहे. तेव्हा शस्त्रावर स्मरणाची अक्षरे कोरली की ते पवित्र होते, हे आमच्या गळी उतरत नाही. कशाचे स्मरण, हे आधी विचारले पाहिजे.

आपल्या देशात याचे एक ठसठशीत उदाहरण घडले. १६ डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारात बळी पडलेल्या तरुणीला वृत्तपत्रांनी ‘निर्भया’ म्हटले, कारण कायद्याने तिचे नाव छापता येत नव्हते. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी शस्त्रनिर्माण कारखान्याने .३२ बोअरचे, सुमारे अर्धा किलो वजनाचे एक रिव्हॉल्व्हर स्त्रियांसाठी म्हणून बाजारात आणले. नाव ठेवले ‘निर्भीक’. किंमत सुमारे एक लाख बावीस हजार रुपये, म्हणजे देशाच्या त्या वर्षीच्या दरडोई उत्पन्नाहून अधिक. आणि ते मिळे दागिन्याच्या डबीसारख्या किरमिजी पेटीत. आदल्याच वर्षी, २२ ऑगस्ट २०१३ रोजी, महालक्ष्मीच्या बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात एका तरुण छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक अत्याचार झाला होता. ती तिथे आपले काम करण्यास गेली होती. तिच्यासारख्या, लोअर परळच्या पुलावरून रोज चालत जाणाऱ्या मुलींपैकी किती जणींच्या पर्समध्ये ती डबी जाऊ शकली असती? ज्या मुलीजवळ त्या रात्री काहीच नव्हते तिच्या नावाची सावली एका महागड्या वस्तूवर पाडावी, यात स्मरणापेक्षा विक्रीची दृष्टी अधिक होती, असे आमचे मत आहे. शासनाने रस्त्यावर दिवे लावावेत, पहारा ठेवावा, खटला लवकर निकालात काढावा. त्याऐवजी शासनाचाच कारखाना त्या भीतीची किंमत ठरवून ती विकू लागला. कोणी कितीही सराईत नेमबाज असो, या नावाचे शस्त्र त्याने शनिवारच्या खेळासाठी घ्यावे असे आम्ही म्हणणार नाही. कागदी लक्ष्यावर त्याने कोणतीही हानी होणार नाही, हे खरे. पण कोणाच्या वेदनेच्या नावाने आपण गुण मिळवतो आहोत, हे हाताला ठाऊक राहील.

भाच्याच्या जोडीवर कोणाची वेदना नाही. एका गावाचा वर्धापनदिन आहे. तिथे प्रश्न सरळ होतो. कोरीव अक्षरे पुसून टाकली असती तरी तू हीच रिव्हॉल्व्हरे घेतली असतीस काय, असे आम्ही त्याला विचारले आहे. नळी नीट, चाप नीट, हातात बसणारी, एवढ्यासाठी घेत असशील तर घे. झळाळी दोन महिन्यांत जाईल, तिचे सुतक पाळू नकोस. संग्राहकाला त्यातून होणारे नुकसान हे संग्राहकाचे नुकसान आहे, वस्तूचे नव्हे. उलट एकदा गोळी सुटलेली अशी जोडी शोधलीस तर ती पुष्कळ स्वस्त मिळेल, आणि ‘मी पहिला डाग पाडला’ हा नसता अभिमानही वाचेल.

इकडे मुंबईत मात्र हाच प्रश्न वेगळ्या वजनाचा आहे, आणि आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी परवाना आहे त्यांनी तो त्याच वजनाने तोलावा. १९५९ च्या शस्त्र कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून सर्वसाधारण परवानाधारकास तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतात. नामांकित खेळाडूंना तेवढी सवलत आहे. म्हणजे शोभेची म्हणून घेतलेली एक बंदूक सरावाच्या बंदुकीची अर्धी जागा खाते. आजोबांकडून आलेले जुने विलायती रिव्हॉल्व्हर असले तरी तीच गत. याच कायद्याच्या ४५ व्या कलमाने पुरातन वा मोडक्या, दुरुस्त करूनही न चालणाऱ्या शस्त्रांना वगळले आहे. कायद्याच्या लेखी, जे झाडताच येत नाही तेच निव्वळ स्मरणचिन्ह. जे झाडता येते ते मखमलीत असो वा कमरेला, शस्त्रच. निवडणूक जाहीर झाली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. तेव्हा सोनेरी अक्षरांचे आणि साधे, दोन्ही एकाच कपाटात, सारखीच चिठ्ठी बांधून पडतात. निकाल लागल्यावर ती सोडवून आणायला रांगेत उभे राहावे लागते. तेवढ्या खटाटोपासाठी जे शस्त्र आपण पुढच्या रविवारी वरळीला नेणार नाही, ते दादर किंवा गिरगावच्या दोन खोल्यांच्या घरात, नातवंडांच्या हाताच्या उंचीवर, कशाला आणावे?