अडीच शिलिंगांचा प्रश्न

मंडपात रांगेने बसवलेली मुलं, मागे कंपनीच्या नावाचा फलक, वह्या-दप्तरांचं वाटप आणि दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी: ‘सामाजिक जबाबदारी जपली’. त्या वह्यांशी माझं भांडण नाही. मुलांना त्या हव्याच असतात. पण त्याच कंपनीच्या आवारात वर्षानुवर्षं झाडू मारणाऱ्या माणसाच्या पगाराचा विषय काढला, की ‘तो आमचा नाही, कंत्राटदाराचा’ असं उत्तर मिळतं आणि ते कुणाला खटकत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याचे किमान दोन टक्के समाजकार्यावर खर्च करायला सांगितले. केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांवर केलेला खर्च त्यात धरता येत नाही. ते योग्यच आहे, पगार म्हणजे दान नव्हे. पण जबाबदारी कारखान्याच्या फाटकाबाहेर सुरू होते, हा समज मात्र त्यानंतर घट्ट रुजला.

जे. बी. प्रीस्टलीचं ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ हे नाटक नेमकं या समजावर घाव घालतं. तरी ते शिकवलं जातं ‘सगळ्यांशी माणुसकीने वागा’ एवढंच सांगण्यासाठी.

मजुरांचे हाल रंगमंचावर आणणारा प्रीस्टली पहिला नव्हे. हाउप्टमानचं ‘विणकर’ हे नाटक १८९२ सालचं. गॉल्सवर्दीच्या ‘स्ट्राइफ’मधला (१९०९) संप बायाबापड्यांना उपाशी ठेवून संपतो, तो सुरुवातीलाच पुढे आलेल्या अटींवर. बर्नार्ड शॉबद्दल वेगळं सांगायला नको. या नाटकांतले मजूर निदान समोर येऊन बोलतात. प्रीस्टलीची कामगार मुलगी ईव्हा स्मिथ रंगमंचावर येतच नाही, तिची कहाणी सुखवस्तू माणसांच्या तोंडून कळते. हा आक्षेप रास्त आहे आणि तो मला अजूनही टोचतो.

काळ १९१२. कारखानदार बर्लिंगच्या घरी मुलीच्या साखरपुड्याचं जेवण चालू असताना इन्स्पेक्टर येतो: ईव्हा जंतुनाशक पिऊन मेली आहे. दोन वर्षांपूर्वी ती बर्लिंगच्याच कारखान्यात होती. कामात इतकी चांगली, की फोरमन तिला बढती द्यायला निघाला होता. आठवड्याला साडेबावीस शिलिंग मिळत, मुलींनी पंचवीस मागितले. अडीच शिलिंगांसाठी संप झाला, मोडला, आणि पुढाकार घेणाऱ्यांना काढून टाकलं. सगळी पडझड इथून सुरू होते, आणि इथे दयामायेचा प्रश्नच नाही. प्रश्न मजुरीचा आहे.

दया येते ती अखेरीस, बर्लिंगबाईंच्या महिला साहाय्य समितीच्या रूपाने. गरोदर ईव्हा तिथे मदत मागते. मुलाच्या बापाने देऊ केलेला पैसा चोरीचा असल्याने तिने तो नाकारलेला असतो. तिच्यासारखीला एवढी नीतिमत्ता कशी परवडेल, म्हणून बाई तिला खोटारडी ठरवतात आणि समितीकडून नकार मिळवतात. शेवटचं दार बंद होतं ते धर्मादाय संस्थेचं! इंग्लंडात १८६९ पासून चौकशी करून ‘लायक’ गरीब निवडण्याची पद्धतच रूढ होत गेली होती. बर्लिंगबाई त्याच परंपरेतल्या.

पण सगळ्यांत चुकीचा वाचला जातो तो इन्स्पेक्टर गेल्यानंतरचा भाग. तो भूत होता की भविष्यातून आलेला, यावर पानंच्या पानं खर्ची पडतात. तिथे बर्लिंगचा होणारा जावई जेरल्ड काय म्हणतो ते नीट ऐका. असा कुणी इन्स्पेक्टर पोलिसांत नाहीच. फोटो दाखवला तो एकेकालाच, एकाच वेळी दोघांना नाही. मग मुलगी एकच होती कशावरून? चार-पाच निराळ्या असतील. दवाखान्यात फोन होतो, तिथे आत्महत्येची केसच नाही. बर्लिंग सुटकेचा श्वास टाकतो. प्रेक्षकही त्याच्यासोबत टाकतो, कारण युक्तिवाद कोर्टात टिकण्यासारखा आहे: मृत्यू एक, साखळी एक, दुवा तुटला की आरोपी मोकळा.

मला वाटतं, विचार पुढे सरकतो तो या क्षणी. मुली पाच असतील तर कामावरून काढलेली एक, दुकानातून घालवलेली दुसरी, दारातून परत पाठवलेली तिसरी. जबाबदारी विरघळत नाही, वाढते. बर्लिंगची मुलं शीला आणि एरिक यांना हे कळतं. कोण मेलं हे सिद्ध होण्याआधीच आपण काय केलं ते त्यांना पुरेसं असतं. ईव्हासाठी रडणं सोपं आहे, कारण ती एक आहे, देखणी आहे आणि मेलेली आहे. जिवंत राहिलेल्या, साडेबावीस शिलिंगांवर काम करत राहिलेल्या बाकीच्या मुलींचं काय, हा जेरल्डच्या युक्तिवादातून नकळत उघडा पडलेला प्रश्न आहे. ‘तो कंत्राटदाराचा’ हे उत्तर जेरल्डच्याच जातीचं आहे.

नाटक दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी लिहिलं गेलं, सामाजिक विम्याची योजना मांडणारा बेव्हरिज अहवाल (१९४२) लोकांच्या तोंडी असताना. लंडनला ते १९४६ मध्ये आलं. त्याच वर्षी राष्ट्रीय विमा कायद्याने बेकारी, आजारपण, बाळंतपण यांतली मदत विमाधारकाचा हक्क केली. बर्लिंगबाईंच्या समितीची मर्जी त्यासाठी लागत नव्हती. नाटकात बर्लिंगचं मन शेवटपर्यंत पालटत नाही, आणि हा कायदा करताना ते पालटण्याची वाट कुणी पाहिली नाही.