कोणाचे घड्याळ?

२०१९ साली इथिओपियात ताना सरोवराकाठच्या बाहिर दार शहरी एका साध्या लॉजात उतरलो होतो. खाट, बादली आणि एक खिडकी, एवढाच थाट. "उद्या एक वाजता नाव सुटेल," मालकीणबाई म्हणाल्या. दुपारी एकाला निघालो, तर नाव सकाळीच गेलेली! मी बाईंना तोंडावर खोटे ठरवले. त्या रागावल्या नाहीत. कॉफी भाजता भाजता म्हणाल्या, "आमचे तास सकाळपासून मोजायचे. तुमचे सात, तो आमचा एक."

मी खजील झालो. आपले पंचांग तरी घटका सूर्योदयापासूनच मोजते ना?

तेव्हा वर्गातला एक मुलगा आठवला. उशिराचे त्याचे कारण खोटे म्हणून मी त्याला दाराबाहेर उभे केले होते. नळाला पाणी येईल तेव्हाच त्याच्या घरी सकाळ होई, हे मला मागाहून कळले. खोटेपणा कोणाचा होता? न विचारता निवाडा देणाऱ्याचाच.

कॉफीचा तिसरा पेला बाईंनी आपण होऊन भरला. त्याला तिकडे 'बरका', म्हणजे आशीर्वाद, म्हणतात. परतलो तेव्हा मुलगा शाळा सोडून गेला होता. त्याची क्षमा मागायची राहूनच गेली.