छऱ्याचा दोष किती दूर जातो

शिशाचा छर्रा नेम चुकल्यावरही पक्षी मारतो. चुकलेले छर्रे तलावाच्या गाळात पडून राहतात. दाणे दळण्यासाठी बदके खडे गिळतात, त्यांच्याबरोबर छर्रेही पोटात जातात. पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, ते झिजतात, शिसे रक्तात उतरते आणि पक्षी खंगत मरतो. जखमी होऊन निसटलेला पक्षी गरुडाने खाल्ला, तर विष गरुडातही जाते. म्हणूनच अमेरिकेने १९९१ मध्ये पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे बंद केले. पण ज्याला मारायचे मनातही नव्हते, त्याच्या मरणाचा दोष बंदूकवाल्याकडे येतो का?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीत पार्श्वनाथाचे जैन तीर्थ आहे आणि विजासनची बौद्ध लेणीही आहेत. या दोन परंपरांची उत्तरे वेगळी पडतात. बौद्ध विचारात कर्माचे मूळ चेतनेत, म्हणजे हेतूत. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा देणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी बुद्धाच्या अहिंसेचा अर्थ लावताना मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला. छर्रा गिळून मेलेल्या बदकाबाबत इच्छाही नव्हती, गरजही नव्हती. ही कसोटी तिथे तोकडी पडते. जैन आचार्य उमास्वातींचे तत्त्वार्थसूत्र हिंसेची व्याख्या प्रमादाने, बेसावधपणे केलेला प्राणघात अशी करते. शिशाच्या प्रश्नाला हेच माप लागू पडते. परिणाम ठाऊक झाल्यावर ‘तसा हेतू नव्हता’ हे म्हणणे टिकत नाही.

मात्र शिशाऐवजी पोलादाचा छर्रा घेतला की सावधपणा पुरा झाला, असेही नाही. शिशाची घनता पाण्याच्या ११.३ पट, पोलादाची सुमारे ७.८ पट. हलका छर्रा लवकर वेग गमावतो. लांबून झाडला तर पक्षी जायबंदी होऊन दूर कुठेतरी तडफडतो. त्यामुळे पोलाद वापरणाऱ्याने मोठा छर्रा निवडावा, जवळून झाडावा आणि पल्ल्याबाहेरचा पक्षी सोडून द्यावा. एवढे केले तरी नेम धरलेल्या पक्ष्याचा प्राण जातोच. बिनविषारी छर्रा फक्त अनाहूत मरणे टाळतो. मूळ शिकार योग्य होती का, याचे उत्तर त्यात नाही. गडचिरोलीतल्या माडिया आदिवासींच्या पारधीबाबत हा प्रश्न विचारला, तर आंबेडकरांचा गरजेचा निकष पुन्हा महत्त्वाचा ठरतो. कायद्याने मात्र दार बंद केले आहे: १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीला मनाई आहे आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक शिकारीचा हक्क वगळला आहे.

गडचिरोलीच्या गिधाडांवर अनाहूत मरणाचे हेच संकट बंदुकीविना आले. दुखणाऱ्या गुराला डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचणाऱ्याच्या मनात करुणाच होती. पण ते जनावर मेल्यावर त्याचे मांस खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. हे कारण २००४ मध्ये सिद्ध झाले आणि २००६ मध्ये भारताने या औषधाचा पशुवैद्यकीय वापर बंद केला. कारण कळेपर्यंत केलेल्या उपचाराला अज्ञानाची सबब होती. पुढे माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना वापरल्या जाऊ लागल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचे माप ३ मिलीलिटरवर आणावे लागले. गिधाडांना सुरक्षित असे मेलॉक्सिकॅम हे औषध हाताशी असताना माणसांसाठीची डायक्लोफिनॅकची कुपी गुरासाठी उघडणे, हा उमास्वातींच्या अर्थाने प्रमादच होता.