पान उघडेपर्यंत

मराठीत आपण वाट ‘पाहतो’. ज्या रस्त्याने कुणी येणार आहे त्या रस्त्याकडे डोळे लावून बसणं, एवढं साधं चित्र त्या शब्दात आहे. मोबाइलवर वेबसाइट उघडताना मात्र पाहायला रस्ताही नसतो. पांढरा पडदा असतो आणि वरच्या कडेला सरकणारी एक बारीक रेघ. कोण येतंय, किती लांब आहे, येणार तरी आहे का, काहीच कळत नाही. आठ सेकंद जातात, दहा जातात. मग अंगठा आपोआप मागे जाण्याच्या खुणेवर पडतो.

या आठ-दहा सेकंदांबद्दल बोलणारे लोक बहुतेक धंद्याच्या भाषेत बोलतात. पान हळू उघडलं की गिऱ्हाईक जातं, शोधात नाव खाली घसरतं, म्हणून वेग वाढवा. ते खरंच आहे. गूगलने तर मापही ठरवून दिलंय: पानावरचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसला तर चांगलं. पण मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. समजा, गिऱ्हाईक गेलंच नाही. गरज होती म्हणून ते मिनिटभर थांबलं, डेटा खर्च केला आणि शेवटी हवा तो फोन नंबर मिळवला. धंद्याचं काही बिघडलं नाही. मग आपण त्या माणसाचं काही बिघडवलं का? अनोळखी माणसाला विनाकारण थांबायला लावणं ही नुसती गैरसोय आहे, की त्यात काही चूक आहे?

मी छोट्या व्यावसायिकांच्या वेबसाइट बनवते आणि इतरांनी बनवलेल्या दुरुस्त करते. मध्यंतरी गुहागरकडच्या एका होमस्टेची वेबसाइट माझ्याकडे आली. चार खोल्या, मागे माडाची वाडी, पुढे समुद्र. मुख्य पानाचं वजन होतं जवळपास १८ एमबी. त्यात ड्रोनने काढलेला, आपोआप सुरू होणारा व्हिडिओ ६ एमबीचा. मोबाइलवरून थेट चढवलेले तीन फोटो मिळून १० एमबी. उरलेल्या दोनात देवनागरी फॉन्टच्या चार फाइली, सरकत्या फोटोंची पट्टी, कोपऱ्यात उड्या मारणारा चॅटचा बुडबुडा आणि पाहुणा कुठून आला, कुठे बोट ठेवून गेला हे टिपणाऱ्या तीन-चार स्क्रिप्ट.

एचटीटीपी आर्काइव्ह नावाचा प्रकल्प जगभरच्या वेबसाइटांची वजनं सतत मोजत असतो. त्यांच्या मोजणीत आता मोबाइलवरचं मधलं पानसुद्धा २ एमबीच्या पुढे गेलंय. म्हणजे सगळेच जाड झालेत, हे पान जरा जास्तच. चांगल्या वायफायवर ते झरकन उघडायचंही. पण कराडहून चिपळूणला निघालेला पाहुणा रात्री कुंभार्ली घाटात असेल आणि त्याच्या फोनवर जेमतेम २ एमबीपीएस मिळत असेल, तर गणित सोपं आहे. १८ एमबी म्हणजे १४४ मेगाबिट, म्हणजे ७२ सेकंद. तेही मध्ये एकदाही रेंज गेली नाही असं धरून. त्याला हवं काय आहे? फोन नंबर, आणि शेवटचं वळण कुठे घ्यायचं ते. वेबसाइटची खरी गरज नेमकी तिथे पडते, जिथे नेटवर्क सगळ्यात अशक्त असतं.

या ७२ सेकंदांत किती उधळपट्टी आहे, ते एका फोटोवरून कळेल. मोबाइलचा कॅमेरा ४००० गुणिले ३००० ठिपक्यांचा फोटो काढतो, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. ज्या मोबाइलवर तो पाहायचा, तिथे १२०० गुणिले ९०० पुरतात, म्हणजे साधारण अकरा लाख. उरलेले एक कोटी नऊ लाख ठिपके पाहुण्याच्या डेटातून येतात आणि कुणालाही न दिसता वाया जातात. फॉन्टची गोष्ट आणखी चमत्कारिक. जोडाक्षरांच्या शेकडो आकारांमुळे देवनागरी फॉन्टची फाइल सहसा रोमनपेक्षा जड असते. कित्येकदा मजकूर येऊन पोचलेला असतो, पण ठरवलेला फॉन्ट यायचा असतो, म्हणून ब्राउझर तो काही सेकंद लपवून ठेवतो. वास्तविक प्रत्येक फोनमध्ये स्वतःचा देवनागरी फॉन्ट असतोच. त्यात मजकूर लगेच दाखवा, चांगला फॉन्ट आला की बदला, असं सांगायला एक ओळ पुरते. ती ओळ कुणी लिहिलेली नसते, एवढंच.

का लिहिलेली नसते? ज्याचं जळतं त्याला कळतं, ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. वेबसाइट बनवणारा भारी लॅपटॉपवर, ऑफिसच्या वायफायवर बसलेला असतो. मालकाला ती दाखवली जाते तीही त्याच लॅपटॉपवर. दोघांनाही पान क्षणात उघडलेलं दिसतं. निर्णय घेणाऱ्यांपैकी एकालाही थांबावं लागत नाही. थांबतो तो तिसराच, स्वस्त फोन हातात घेतलेला. त्याचा प्रोसेसर हळू, त्यामुळे फाइली पोचल्या तरी त्या स्क्रिप्ट चालवायला त्याला जास्त वेळ लागतो. सरकारी कचेरीतल्या बाकड्यापासून मोठ्या डॉक्टरच्या वेटिंग रूमपर्यंत सगळीकडे हा नियम दिसेल: ज्याच्याकडे सत्ता कमी, तो जास्त थांबतो. वेबसाइटच्या बाबतीत ही सत्ता कुणी मुद्दाम वापरत नाही. ती नकळत वापरली जाते, म्हणूनच तिच्याकडे बघायला हवं.

आता इथे खरी अडचण आहे. दोषी कोण? होमस्टेच्या वहिनी? त्यांना हवा होता समुद्राचा फोटो. वेबसाइट बनवणारा मुलगा? त्याने तयार साचा वापरला, त्यात सरकती पट्टी आधीच होती. चॅटचा बुडबुडा विकणारी कंपनी म्हणेल, आमच्यामुळे फार तर पाव सेकंद वाढतो. पाहुण्यांची नोंद ठेवणारा म्हणेल, माझं तर त्याहून कमी. प्रत्येकाचं म्हणणं खरं आहे. एकेकट्याने घातलेली भर कुणाला जाणवणारसुद्धा नाही. तरी सगळ्यांची मिळून जी वाट लागते, ती पाहुण्याला चांगलीच जाणवते.

डेरेक पार्फिट या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९८४ साली आलेल्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या पुस्तकात नेमकी अशी एक कल्पना मांडली आहे. एक हजार छळ करणारे आहेत आणि एक हजार बळी. पूर्वी प्रत्येक छळणारा एकेका बळीच्या यंत्राची कळ हजार वेळा फिरवायचा. आता पद्धत बदलली. प्रत्येक जण एकच बटण दाबतो आणि हजारही यंत्रांची कळ फक्त एकेक घर पुढे सरकते. एका घराचा फरक कुठल्याच बळीला कळत नाही. प्रत्येक जण म्हणू शकतो, माझ्यामुळे कुणालाही काही जाणवलं नाही. पण हजारांनी बटण दाबल्यावर बळींच्या वेदना आधीइतक्याच. पार्फिट म्हणतो, तरीही हे सगळे चुकतातच, कारण आपलं कृत्य एकटं धरून मोजायचं नसतं. सगळे मिळून काय करतोय, हेही विचारावं लागतं.

हळू वेबसाइट म्हणजे छळ नव्हे, इतकं मोठं बोलायची गरज नाही. पण चुकीचा आकार तोच आहे. रस्त्यावर हॉर्न वाजवणारा, कार्यालयात लग्नाची पंगत अर्धा तास उशिरा बसवणारा, गटावर रोज एक ‘शुभ सकाळ’ टाकणारा, सगळे याच आकाराचे. आपल्या काळातल्या बऱ्याचशा चुका अशा कणाकणाने, अनेक हातांनी होतात. त्यांच्यासाठी कुणालाच रात्री झोप लागत नाही असं होत नाही.

मग या कणांची बेरीज करून मोजायचं का? स्टीव्ह जॉब्सने १९८३ साली ते केलं होतं. मॅकिंटॉश सुरू व्हायला फार वेळ लागतो म्हणून तो लॅरी केनियन या इंजिनिअरला म्हणाला, दहा सेकंद कमी कर. पन्नास लाख लोक रोज हा संगणक सुरू करतील, म्हणजे रोज पाच कोटी सेकंद वाचतील, म्हणजे वर्षभरात कित्येक आयुष्यं वाचवल्यासारखंच. त्याचा सहकारी अँडी हर्ट्झफेल्डने हा किस्सा लिहून ठेवलाय. ऐकायला जोरदार आहे, पण मला तो पटत नाही. पन्नास लाख लोकांचे दहा-दहा सेकंद एकत्र केले तरी त्यातून एक माणूस जिवंत होत नाही. शिवाय बेरजेत एक गोष्ट पार पुसली जाते: कुणाच्या वाट्याला किती आलं.

ही पुसली जाणारी गोष्ट क्रिस झकारायस या इंजिनिअरने फार चांगली दाखवून दिली. २००९च्या सुमारास तो यूट्यूबमध्ये होता. व्हिडिओ पाहण्याचं पान १.२ एमबीपर्यंत फुगलं होतं. त्याने ते छाटून छाटून १०० केबीच्या आत आणलं आणि नाव ठेवलं ‘फेदर’, म्हणजे पीस. थोड्या लोकांना ते देऊन आकडे पाहिले, तर पान उघडण्याचा सरासरी वेळ चक्क वाढला होता! पान बारापट हलकं आणि सरासरी वाईट? मग त्याने आकडे देशांप्रमाणे मांडले. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सैबेरियाचे दूरचे भाग, अशा ठिकाणांहून खूप लोक येऊ लागले होते. जुनं पान उघडायला त्यांना वीस मिनिटं लागली असती, म्हणून ते कधी आलेच नव्हते. नव्या पानाला दोन मिनिटं लागत होती. तेवढं थांबायची त्यांची तयारी होती.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते असं: जे बाहेर राहिले, ते तक्रारही करत नाहीत. ते हिशोबातच नसतात. ‘आमच्या साइटवर येणाऱ्या सगळ्यांकडे चांगले फोन आहेत’ असं एखादा व्यावसायिक मला आकडे दाखवून सांगतो, तेव्हा ते आकडे खरे असतात. बाकीचे दारातूनच परत गेलेले असतात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो हलका नाही. आधीच सगळ्यांना सगळं दहा मिनिटांत हवंय. थोडं थांबायला शिकलं तर काय बिघडलं? वेगाच्या वेडाबद्दलची ही चीड मलाही आहे. पण वेग कुठून येतो हे बघायला हवं. दहा मिनिटांत दारात येणारं दूध पावसात गाडी दामटणाऱ्या मुलाच्या जिवावर येतं. तिथे घाईचा भार दुसऱ्याच्या अंगावर टाकलेला असतो. हलक्या पानाचा वेग तसा नाही. तिथे आपण दुसऱ्यावर टाकलेला भार फक्त काढून घेतो. आणि थांबण्याचा संस्कार लावायचाच असेल, तर तो घाटात अडकलेल्या माणसावर फोन नंबरसाठी का लावायचा?

शिवाय थांबणं वाईट नसतंच. आपलं सगळ्यात मोठं दैवत थांबलेलं आहे. दारात देव आला आणि पुंडलिक आई-वडिलांची सेवा करत होता. त्याने देवाला थांबायला सांगितलं. ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो, पण मला ती थांबवण्याच्या शिष्टाचाराचीही वाटते. पुंडलिकाकडे थांबवायला खरं कारण होतं. आणि थांबवताना त्याने उभं राहायला वीट दिली.

मला वाटतं, माझ्या प्रश्नाचं उत्तर या दोन गोष्टींत आहे. थांबवायचं तर कारण हवं आणि वीट हवी. वेबसाइटवर वीट म्हणजे काय? मजकूर, पत्ता आणि फोन नंबर सगळ्यात आधी, फोनच्या स्वतःच्या फॉन्टमध्ये दिसणं. फोटो यायचा असेल तर त्याची जागा आधीच राखून ठेवणं, म्हणजे ‘फोन करा’वर बोट टेकवताना पान खाली सरकून भलतंच काही दाबलं जाणार नाही. आणि कारण म्हणजे काय, ते वहिनींशी झालेल्या बोलण्यात मला उमगलं.

मी व्हिडिओ काढून टाकायचा म्हटल्यावर त्या म्हणाल्या, “अगं, पण समुद्र दिसायला नको का? लोक त्याच्यासाठीच तर येतात. मोठ्या हॉटेलांचे बघ कसे व्हिडिओ असतात. आमचं काय, नुसता पत्ता?” त्यांचं चुकत नव्हतं. चार खोल्यांच्या माणसालाही आपलं घर देखणं दिसावं असं वाटणारच. हलकेपणाच्या नावाखाली मी त्यांचा समुद्र काढून घेतला असता, तर एका दुबळ्याचा भार मी दुसऱ्या दुबळ्यावर टाकला असता. शेवटी व्हिडिओ राहिला, पण आपोआप सुरू होणं गेलं. आता समुद्राचा एक नीट कापलेला फोटो दिसतो, त्यावर ‘व्हिडिओ पाहा, ६ एमबी’ असं लिहिलंय. पुण्यात सोफ्यावर बसून सुट्टी ठरवणारा तो दाबतो आणि खुशाल थांबतो. घाटातला दाबत नाही. चॅटचा बुडबुडा गेला, कारण वहिनी तशाही फोनच उचलतात. मुख्य पान ६०० केबीच्या आत आलं. त्याच २ एमबीपीएसवर अडीच सेकंदांच्या आत.

म्हणजे वजन ही चूक नव्हती. न विचारता ते दुसऱ्याच्या खांद्यावर देणं ही चूक होती. थांबणाऱ्याने स्वतः निवडलेलं थांबणं आणि त्याच्यावर लादलेलं थांबणं, घड्याळात दोन्ही सारखी दिसतील, पण ती एक नाहीत.

तुमच्यापैकी कित्येकांनी घरच्या कुणासाठी तरी वेबसाइट करून दिली असेल, किंवा कधीतरी द्याल. मावशीचे डबे, मित्राचं सायकल दुरुस्तीचं दुकान, वडिलांची नर्सरी. त्यांना हे काही माहीत नसणार आणि माहीत असण्याची अपेक्षाही नाही. जो जाणतो त्याच्यावर जबाबदारी येते. काम झालं की घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, वायफाय बंद करा आणि जिथे रेंज एकच दांडी दाखवते अशा जागी जाऊन ते पान उघडा. जितका वेळ लागेल तितका वेळ पडद्याकडे बघत राहा, दुसरं काही करू नका. तुम्ही ज्याला कधी भेटणार नाही, त्या माणसाच्या जागी तेवढा वेळ उभं राहता येतं. मग काय काढायचं आणि काय ठेवायचं, ते बहुतेक वेळा कुणाला विचारावं लागत नाही.