मधल्या पिढीचा अधिकार

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानें सास्तूर जमीनदोस्त केलें, तरी आम्ही भूमीस दोष देत नाहीं. तिनें कोणास वचन दिलें नव्हतें. डहाणूच्या किनाऱ्यास मात्र सरकारनें तें दिलें होतें. १९९१ सालीं तो सबंध तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित झाला. त्याच्या रक्षणार्थ नेमलेल्या प्राधिकरणानें १९९८ मध्यें वाढवण बंदरास मनाई केली आणि २०२३ मध्यें, अटी घालून कां होईना, संमति दिली. पंचवीस वर्षें! तेथील चिकूचें झाडहि याहून अधिक जगतें. बंदर आम्हांस वर्ज्य नाहीं. व्यापारानेंहि पोटें भरतात. पण पुढील पिढ्यांसाठीं राखलेली ठेव मधल्या पिढीनें मोडावी काय? विश्वस्तास हिशेब द्यावा लागतो, आणि येथें तो मागणारे अद्याप जन्मासहि आलेले नाहींत. तूर्त त्यांच्या वतीनें वाढवणचे मच्छीमार विरोध करीत उभे आहेत.