कारणाचा रकाना

आमच्या सोसायटीतल्या काकूंना थार हवी होती. सगळ्या इमारतीला हे ठाऊक होतं, पण खुद्द काकूंच्या तोंडून ते वाक्य कोणी ऐकलं नव्हतं. त्या खड्ड्यांबद्दल बोलायच्या.

"अहो, यंदा पाथर्डी फाट्यापर्यंतचा रस्ता पाहिलात ना? गाडी जरा उंच हवी."

काका जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झालेले. त्यांनी माहिती काढली. "आपल्या एर्टिगाच्या पोटाखाली १८५ मिलिमीटर जागा आहे, थारच्या २२६. चार सेंटिमीटरसाठी दहा-बारा लाख?"

दोन दिवसांनी काकूंनी पावसाचा विषय काढला. थार म्हणे साडेसहाशे मिलिमीटर पाण्यातून आरामात जाते. काका म्हणाले, "इतकं पाणी तुंबल्यावर शहाणी माणसं घरात भजी तळतात." मग आला नाशिकचा २०२७चा कुंभमेळा. त्यावर काकांचं उत्तर असं, की पर्वणीला बाहेरच्या गाड्या गावाबाहेरच अडवतात, तिथे थार काय आणि टांगा काय. पार्किंगचं कारण निघालं तेव्हा तर काका टेप घेऊन खाली उतरले. थार एर्टिगापेक्षा जेमतेम फूटभर आखूड निघाली, पण चार-पाच इंच रुंद. शेजारच्या खांबामुळे ड्रायव्हरचं दार अर्धंच उघडलं असतं.

काकूंचा शेवटचा बाण होता जीएसटीचा. २२ सप्टेंबर २०२५, घटस्थापनेचा दिवस. त्याच दिवसापासून नवे दर लागू झाले. चार मीटरच्या आतली आणि दीड हजार सीसीपर्यंतचं डिझेल इंजिन असलेली गाडी १८ टक्क्यांत आली. थारची लांबी ३९८५ मिलिमीटर, तिचं लहान डिझेल इंजिन १४९७ सीसीचं. म्हणजे दोन्ही अटींत बरोबर बसणारी. काकूंनी पेपरातलं कात्रणच पुढे ठेवलं.

"घेतली नाही तर शंभर टक्के सूट," काका म्हणाले.

काकांचं यातलं एकही उत्तर चुकीचं नव्हतं. काकूंची कारणं खरोखरच लंगडी होती, आणि लंगडं कारण खोडून काढायला लेखा विभागातला माणूस लागतोच असंही नाही.

आता थोडं त्या एर्टिगाबद्दल. सात आसनांची ही गाडी काकांनी २०१३ साली घेतली. तेव्हा घरात आई, दोन मुलं, येणारे-जाणारे असा गोतावळा होता. गाडी आली त्या दिवशी काकांनी एक लांबट वही आणली आणि रकाने आखले: तारीख, किलोमीटर, पेट्रोल, कारण. रोज संध्याकाळी ते खाली जाऊन मीटर वाचायचे आणि नोंद करायचे. आता मुलगी पुण्यात, मुलगा बंगळुरात. गाडी तीच, वहीही तीच.

काकू सातपूरच्या एका शाळेत भूगोल शिकवत. गेल्या वर्षी निवृत्त झाल्या. नाशिककराला थारचं तसं अप्रूप नसावं, कारण ती तयारच होते सातपूरला. काकूंच्या वर्गात बसणाऱ्या कितीतरी पोरांचे बाप त्या कारखान्यात कामाला होते. शाळेत जाता-येता त्र्यंबक रोडच्या सिग्नलवर स्कूटी थांबली, की शेजारी कधीकधी नव्या गाड्या लादलेला ट्रेलर उभा असायचा. २०२० साली थारचं नवं रूप आलं, तेव्हापासून काकू सिग्नल हिरवा झाल्यावरही एखादा क्षण जास्त थांबू लागल्या. मागचे हॉर्न वाजवायचे.

यंदाच्या श्रावणात काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काही आठवडे गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. लायसन असूनही काकूंच्या हाती कधी न आलेलं स्टिअरिंग त्यांच्याकडे आलं. काका काळा चष्मा लावून शेजारी बसायचे आणि "ब्रेक, ब्रेक" म्हणायचे. संध्याकाळी त्याच चष्म्यानिशी खाली जाऊन मीटर वाचायचे. दिसायला लागल्यावर त्यांनी एक दुर्बीण मागवली. डोळ्यांना व्यायाम म्हणून, असं ते सांगायचे.

दसरा झाल्यावर दोघं शोरूममध्ये गेले. "नुसतं बघायला" हा करार होता. आजींना घरी एकटं ठेवायचं नव्हतं म्हणून त्याही आल्या. काकांच्या आई, वय पंच्याऐंशी, गुडघे त्याहून म्हातारे.

शोरूममधल्या पोराने पुढच्या सीटचा खटका ओढला. सीट पुढे कलली आणि मागे जायला एक फट तयार झाली. "या आजी, इथून मागे."

आजींनी वाकून पाहिलं. "हे दार आहे की कोनाडा?"

तीन दारांच्या थारला माणसं चढायची दारं दोनच, तिसरं पाठीमागचं, सामानाचं. आजींना तिथून मागे जाणं शक्यच नव्हतं. शेवटी काका आत शिरले. आधी डोकं, मग एक पाय, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा पाय. गुडघे पुढच्या सीटला टेकवून बसल्यावर त्यांनी काचेवर बोटाने टकटक केली. "ही खाली होत नाही का?"

"नाही सर, मागची काच फिक्सच असते."

काकांच्या चेहऱ्यावर खटला जिंकल्याचं समाधान पसरलं. तेवढ्यात आजी पुढच्या सीटकडे वळल्या. एक पाय पायरीवर, एक हात समोरच्या दांड्याला, मागून काकूंचा टेकू, आणि त्या चढल्या. पदर सावरून बसल्या, समोरच्या काचेतून शोरूमच्या बाहेरची रहदारी बघत राहिल्या. उतरा म्हटल्यावर म्हणाल्या, "थांबा की जरा. इथून सगळं दिसतंय."

घरी आल्यावर काकांनी प्रकरण कायमचं निकाली काढायचं ठरवलं. वही उघडली. "गाडी कशाला असते, ते तूच ऐक." आणि ते कारणाचा रकाना मोठ्याने वाचू लागले. वणी, आई. स्टेशन, मुलगी-जावई. दवाखाना, आई. सिन्नर, लग्न. स्टेशन, मुलगा. पिंपळगाव, मामांचं बारावं. दवाखाना. पुन्हा दवाखाना. आजी कोपऱ्यात फुलवाती वळत बसल्या होत्या. काकू ओट्याशी उभ्या होत्या. पानं उलटत काका ऑगस्टपर्यंत आले आणि थांबले.

"औषध," त्यांनी वाचलं. "३६ किलोमीटर." पुढे त्यांच्याच अक्षरात एक प्रश्नचिन्ह होतं.

औषधांचं दुकान आमच्या कोपऱ्यावर आहे. चालत गेलं तरी चप्पल झिजत नाही.

"त्या दिवशी मी ड्रॉप्स घेतले," काकू म्हणाल्या, "आणि गाडी वळवायची तर वळवलीच नाही. गंगापूर रोडला लागले. सोमेश्वरला थांबणार होते, तिथेही थांबले नाही. धरणापर्यंत गेले. पाऊस होता. काच खाली केली. शेजारी 'ब्रेक' म्हणायला कोणी नव्हतं. परत आले."

"मग सांगितलं का नाहीस?"

"काय सांगणार होते? रकान्यात काय लिहिलं असतंत?"

काका गप्प झाले. काकू पुढे म्हणाल्या, आणि हे वाक्य त्या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं: "मला ती गाडी आवडते. मला ती चालवायची आहे. खड्ड्यांसाठी नाही आणि कुंभासाठीही नाही."

काकांनी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. २२६ मिलिमीटरला त्यांच्याकडे उत्तर होतं, कुंभमेळ्याला होतं, जीएसटीलाही होतं. याला नव्हतं. आवडत नाही असं सिद्ध करता येत नाही.

आजींनी हातातली वात खाली ठेवली. "ताकाला गेलीस तर भांडं कशाला लपवत होतीस गं? आणि तू रे," त्या मुलाकडे वळल्या, "सारखी वणी, वणी करतोस. नवरात्रात गाडी नांदुरीलाच सोडावी लागते, वर एसटीच नेते ना? आणि गडावर २०१८ पासून ट्रॉली झाली, आता मला पायऱ्याही चढाव्या लागत नाहीत. दवाखान्याला रिक्षा दारात येते. वर्षातून दोनदा माझं निमित्त, त्यासाठी रोज सात खुर्च्या ओढत फिरतोस. माझ्या नावावर नको खपवूस."

एवढं झाल्यावर वही नीट वाचली गेली, या खेपेला कोणाला हरवायला म्हणून नव्हे. गेल्या वर्षभरात मागची तिसरी रांग दोनदा उघडली होती. एकदा मुलं दिवाळीला आली तेव्हा आणि एकदा लासलगावहून कांद्याच्या गोण्या आणल्या तेव्हा. सगळं कुटुंब एकत्र जमेल त्या दिवशी सात जणांची गाडी भाड्याने मागवली तर किती पडतं, ते काकांनीच फोन करून विचारलं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, म्हणजे एर्टिगाला २०२८ पर्यंतचीच मुदत. त्यानंतर तपासणी, पुनर्नोंदणी, आणि विकायला काढली तर भाव पडलेला. विकायचीच असेल तर आत्ता विकणं बरं, हा हिशोबही त्यांनी स्वतःच मांडला. माणूस मुळात प्रामाणिक. आकडे कुठल्या बाजूने बोलतायत, हे त्यांना लपवता येत नाही.

त्या संध्याकाळी आणखी एक झालं, आणि मला या सगळ्या प्रकरणात तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. इतके दिवस काकू चारही चाकांना जोर मिळणारी महागडी थार मागत होत्या. पाणी, चिखल, कुंभाची गर्दी अशी कारणं दिल्यावर तीच मागावी लागते. काकांनी आता साधं विचारलं, "तुला चिखलात घालायची आहे का गाडी?"

"छे हो. चिखल कशाला? मला उंच बसून घाटात चालवायची आहे."

"मग फोर बाय फोर कशाला हवी?"

२०२३ पासून थार फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या स्वरूपातही मिळते, त्याच दीड हजार सीसीच्या आतल्या डिझेल इंजिनावर. लाखांचा फरक एका प्रश्नात मिटला. एर्टिगाचे येतील ते आणि उरलेले काकूंच्या ग्रॅच्युइटीतून, असं ठरलं. काकांनी खांबाचा मुद्दा मात्र सोडला नाही. शेवटी तळमजल्यावरच्या एकाशी पार्किंगची अदलाबदल करून घेतली.

आजींनी दोन अटी घातल्या. चढायला घरातला पाट गाडीत कायम राहील, आणि पुढची सीट त्यांची.

थार नोव्हेंबरात आली. लाल. पहिली फेरी त्र्यंबकेश्वरची. काकू चालवत होत्या, शेजारी आजी, मागे काका, मांडीवर नारळाची पिशवी आणि पायाशी पाट. अंजनेरी आलं तशा आजी म्हणाल्या, "केवढा डोंगर बघ." काकांनी मान वाकवून बघायचा प्रयत्न केला. त्यांना आईचा अंबाडा दिसला. माझ्या माहितीप्रमाणे येताना त्यांनी रस्ताभर तक्रार केली, आणि ती रास्त होती. मागे बसायला ती गाडी सोयीची नाहीच. काकूंनीही कधी सोयीची आहे असं नंतर म्हटलं नाही. वर्षातून दोनदा गाडी भाड्याने आणावी लागणार, हेही त्या मोकळेपणाने सांगतात.

मागच्या आठवड्यात जिन्यात दोघं भेटले. काकांच्या गळ्यात दुर्बीण होती. ते काकूंना समजावत होते, "नांदूरमध्यमेश्वर निफाड तालुक्यात आहे. पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेलं, महाराष्ट्रातलं पहिलं. तुझा भूगोलाचा विषय, तू बघायला हवंस. शिवाय बंधाऱ्याकडचा रस्ता जरा कच्चा आहे, गाडीचीही परीक्षा होईल. आणि डॉक्टरांनी मला लांबचं बघायला..."

"अहो," काकू म्हणाल्या, "पक्षी बघायचेत ना तुम्हाला?"

काका दोन पायऱ्या गप्प उतरले. "हो. बघायचेत."

"मग रविवारी पहाटे पाचला निघू."

"पण पुढे मी बसणार."

"ते आईंना विचारा."