राणी आणि कच्चं लिंबू

मारिओ, लुइगी, टोड आणि राजकन्या असे चौघे पडद्यावर ओळीने उभे राहतात आणि खेळ विचारतो, यांतलं कोण घेणार? ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’मध्ये हा प्रश्न एकदा विचारून भागत नाही. एकूण वीस टप्पे आहेत आणि प्रत्येक टप्प्याच्या तोंडाशी तो पुन्हा समोर येतो. १९८८ साली अमेरिकेत निघालेला हा खेळ गेल्या महिन्यात मी तीसेक वर्षांनी पुन्हा हाती घेतला. उड्या, खड्डे, दबा धरून बसलेले शत्रू हे सगळं बोटांना अजून पाठ होतं. अडखळलो तो या चौघांसमोर, कारण लहानपणी या प्रश्नाच्या एका उत्तरावर आम्ही बंदी घातली होती.

नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत जे ‘व्हिडिओ गेम’ आले, त्यांतले बरेचसे निन्टेंडोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राच्या नकला होते. टीव्हीला जोडायचे, वरून कॅसेट खोचायची, चित्र आलं नाही तर ती काढून फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. माझ्या मामाकडे असाच एक होता. कॅसेटसोबत माहितीपुस्तिका वगैरे काही नव्हती, त्यामुळे नावं आम्हीच ठेवली. बुटका टोड झाला ‘छोटू’ आणि राजकन्या झाली ‘राणी’. माझी मामेबहीण राणी घ्यायची. राणीला उडी मारल्यावर काही क्षण हवेत सरळ रेषेत तरंगता येतं. जो खड्डा ओलांडताना आमचा मारिओ तीनतीनदा मरायचा, तो ती अलगद पार करायची. त्या सुट्टीत मी नियम काढला, ‘राणी घेऊन जिंकलं तर धरायचं नाही.’ सगळ्यांत मोठा मीच होतो, म्हणून तो नियम झाला.

गल्लीतल्या खेळांत कच्चं लिंबू असतं. लहान भावंडाला खेळात घ्यायचं, पळू द्यायचं, पण त्याचं बाद होणं आणि जिंकणं दोन्ही हिशेबात धरायचं नाही. त्यात माया असते, म्हणूनच त्यातला अपमान चटकन दिसत नाही. मामेबहिणीला मी असंच कच्चं लिंबू केलं. फरक इतकाच की ती लहान नव्हती आणि तिला खेळ येत होता.

आता पुन्हा खेळताना तो नियम किती चुकीचा होता हे मला एकेका टप्प्यातून कळत गेलं. पहिल्या मारिओत शत्रूच्या डोक्यावर उडी मारली की तो चिरडला जातो. इथे तसं होत नाही. इथे शत्रूच्या डोक्यावर नुसतं उभं राहता येतं, मग त्याला उचलायचं आणि दुसऱ्यावर फेकायचं. जमिनीतून वर आलेला पाला धरून कंद उपटायचे, तेही फेकायचे. म्हणजे या खेळातली अर्धी मेहनत उपटण्या-उचलण्याची आहे, आणि तिथे राणी सगळ्यांत मागे पडते. पाला धरून ती वाकते आणि कंद बाहेर येईपर्यंत तिकडून शत्रू अंगावर येऊन पोचतो. टोड हेच काम डोळ्याचं पातं लवायच्या आत उरकतो, पण त्याची उडी सगळ्यांत तोकडी. लुइगी पाय झाडत सगळ्यांत उंच जातो, मात्र उपटताना मारिओहूनही मंद. मारिओ सगळ्यांत मधला, कशातच फार पुढे नाही आणि फार मागेही नाही.

हे टप्पे वेगवेगळ्या जगांत वाटलेले आहेत. दुसऱ्या जगात वाळवंट आहे. तिथे वाळूने गच्च भरलेल्या उभ्या विहिरींसारख्या जागा आहेत. वाळू उकरत खाली जायचं आणि वाटेत शत्रू. टोड घेतला तर तो घूस लागावी तसा उकरत सुटतो. राणी घेतली तर प्रत्येक थरापाशी जीव टांगणीला. चौथ्या जगात बर्फ. पाय घसरतात, थांबायचं म्हटलं तरी थांबता येत नाही आणि अशा वेळी हवेत तरंगता येणं म्हणजे केवढी मोठी सोय. टप्पा तोच, खड्डाही तितकाच रुंद, तरी तो कोणासाठी अवघड आहे हे विचारल्याशिवाय ‘अवघड’ या शब्दाला अर्थच येत नाही. आम्ही मारिओच्या पायांनी जमीन मोजत होतो आणि ते मोजमाप जमिनीचंच आहे असं धरून चाललो होतो.

आणखी एक गोष्ट तेव्हा नजरेतून सुटली होती. या खेळात गुण नाहीत. पहिल्या मारिओत पडद्याच्या माथ्यावर गुणांचा आकडा धावत असतो आणि शेजारी वेळ उलटी मोजली जात असते. इथे दोन्ही काढून टाकलं आहे. जादूच्या बाटलीतलं औषध जमिनीवर टाकलं की एक दार उभं राहतं. त्याच्या आत तीच जागा अंधारी आणि डावी-उजवी उलटलेली दिसते, आणि बाहेर ज्या पाल्याखाली कंद होते त्याखाली आत नाणी निघतात. ती नाणीसुद्धा गुण म्हणून साठत नाहीत, टप्प्याच्या शेवटी चक्रं फिरवून जास्तीचे जीव मिळतात का हे पाहायला खर्ची पडतात. खेळाने कोणाला जास्त आणि कोणाला कमी ठरवलंच नव्हतं. पहिला-दुसरा नंबर, धरायचं-न धरायचं हे सगळं आम्ही घरून नेलं.

‘पण प्रतिकारच नसेल तर खेळात उरलं काय?’ हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. अडथळा हवाच. पण कौशल्य हे अडथळ्याला छाती भिडवण्यातच असतं आणि तो टाळून जाण्यात नसतं, हे कोणी ठरवलं? तरंगायला लागल्यावर कुठे आणि कधी खाली यायचं, याचा अंदाज राणी घेणाऱ्यालाच बांधावा लागतो. तरंगण्याची वेळ मोजकी असते आणि ती संपली की खालचा खड्डा तसाच असतो. मी या खेपेला राणी घेऊन पहिल्यांदा खेळलो तेव्हा पहिल्याच जगात चारदा पडलो. माझ्या नियमाने जे ‘फुकटचं’ ठरवलं होतं, ते मला येतच नव्हतं.

या चौघांची ही वेगवेगळी बळं आली कुठून, हे पाहिलं तर गोष्ट आणखी रंगते. १९८६ साली जपानात ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’ या नावाने दुसराच एक खेळ निघाला होता, पहिल्याच्याच साच्यातला पण फार कठीण. निन्टेंडोच्या अमेरिकेतल्या शाखेला तो तिथल्या खेळाडूंसाठी नको वाटला. त्याच्या जागी घेतला गेला ‘युमे कोजो: डोकी डोकी पॅनिक’, हा १९८७चा जपानी खेळ. फुजी टेलिव्हिजनच्या ‘युमे कोजो’ या महोत्सवाशी जोडून तो काढलेला होता. केन्सुके तानाबे त्याचे दिग्दर्शक. त्यात नायक होतं एक कुटुंब, इमाजिन नावाचा मुलगा, त्याची मैत्रीण लीना, आणि पापा व ममा. गोष्टीच्या पुस्तकात ओढल्या गेलेल्या मुलांना सोडवायला हे चौघे त्या पुस्तकात शिरतात. अमेरिकेसाठी या चौघांच्या जागी मारिओची मंडळी बसवली. इमाजिनच्या जागी मारिओ आला आणि लीनाच्या जागी राजकन्या. उंच उडी ममाची होती, ती लुइगीच्या वाट्याला आली. १९८६च्या त्या जपानी खेळात तो आधीही भावापेक्षा उंच उडत असे, पण अंगकाठीने उंच आणि सडपातळ असा तो इथेच पहिल्यांदा दिसला. आणि बुटक्या टोडच्या अंगात जे बळ आहे ते पापाचं.

म्हणूनच अनेक जण याला ‘खरा मारिओ’ मानत नाहीत. मला हे म्हणणं माझ्या लहानपणच्या नियमाचंच भावंड वाटतं. बाहेरून आलेलं धरायचं नाही. मात्र मुखवटा घालून हळूहळू चालणारे शाय गाय, तोंडातून अंडी फेकणारा बर्डो, चालता बॉम्ब बॉब-ओम्ब हे सगळे याच खेळातून मारिओच्या जगात आले आणि तिथलेच झाले. १९९२ साली हाच खेळ ‘सुपर मारिओ यूएसए’ म्हणून जपानात परत गेला. घर सोडून गेलेलं माणूस नव्या नावाने घरी यावं तसा.

मूळ खेळातला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. एकाच पात्राने सगळे टप्पे पार केले तरी तिथे खरा शेवट दिसत नसे. चौघांनाही, एकेकाला, सगळी वाट चालून शेवटापर्यंत न्यावं लागे, तेव्हा गोष्ट पुरी होई. ममाच्या पायांनी, पापाच्या हातांनी, लीनाच्या तरंगण्याने, असं चार वेळा तेच जग पाहावं लागे. आम्ही यातलं एक जग पाहिलं आणि बाकीच्या तिन्हींना परवानगी देण्या-नाकारण्याचे मालक झालो.

राजकन्येच्या बाबतीत मात्र आम्ही एकटेच दोषी नव्हतो. पहिल्या खेळात तिला पळवून नेलेलं आहे आणि तिला सोडवणं एवढंच काम. १९८८मध्ये ती स्वतः मैदानात उतरली, भावांच्या बरोबरीने, तेही असं बळ घेऊन जे दुसऱ्या कोणाकडेच नव्हतं. आणि त्यानंतर तिला पुन्हा किल्ल्यात नेऊन बसवलं. २००९च्या ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स वी’मध्ये चार जण एकत्र खेळू शकत. मारिओ आणि लुइगीच्या जोडीला दोन टोड दिले गेले, ती नाही. मुख्य मालिकेतल्या उड्या मारण्याच्या खेळात ती पुन्हा खेळाडू म्हणून आली ती २०१३च्या ‘सुपर मारिओ थ्रीडी वर्ल्ड’मध्ये, तरंगण्याच्या त्याच बळासह. मध्ये पंचवीस वर्षं गेली. ज्या मुलींनी लहानपणी राणी घेतली त्या तोवर मोठ्या होऊन गेल्या होत्या.

हे सगळं मनात घोळत असताना मी मामेबहिणीला फोन केला. त्या नियमाबद्दल तिची माफी मागायची होती. ती मागितलीही. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, “पण दादा, मी नेहमी कुठे राणी घ्यायचे? वाळूत छोटूच घ्यायचे की. राणीला केवढा वेळ लागतो उकरायला!”

मला हे आठवत नव्हतं. डोळे मिटून पाहिलं तरी मला तिच्या हातात राणीच दिसत होती. दर टप्प्याला तो प्रश्न पडद्यावर येत होता आणि आमच्यात तीच एकटी त्याला दर वेळी नव्याने उत्तर देत होती. आम्ही बाकीचे बटण दाबून पुढे जात होतो.

त्या रात्री मी खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केला. शेवटी वार्ट नावाचा भला मोठा बेडकासारखा राजा आहे, त्याला भाज्या खपत नाहीत. त्याने तोंड उघडलं की त्यात भाज्या फेकून त्याला हरवायचं. तो हरला की चौघे एकत्र दिसतात आणि प्रत्येकाने किती टप्पे पार केले त्याचा आकडा समोर येतो. मग मारिओ बिछान्यात झोपलेला दिसतो, हे सगळं त्याचं स्वप्न होतं. माझे आकडे होते, राजकन्या नऊ, टोड सात, लुइगी चार, मारिओ शून्य. त्या पडद्याचा फोटो काढून मी मामेबहिणीला पाठवला.

सकाळी तिचं उत्तर आलं होतं. “बर्फात कोण घेतलंस?”